म्हशीच्या बदल्यात मोटार

आमच्या सासूबाई शेवटपर्यंत त्या मोटारीला ‘म्हैस’ म्हणत आल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. माझं लग्न होऊन मी घाटावर नांदायला आले ती वैशाखात, आणि श्रावणात माझ्या नवऱ्याने गोठ्यातली दुभती म्हैस सोडून बुलढाण्याला नेली. संध्याकाळी तिच्या दाव्याला एक मोटार बांधलेली होती. बांधलेली म्हणजे खरंच बांधलेली, कारण अंगणाला उतार होता आणि मोटारीला ब्रेक नव्हते.

तेव्हा आमचा वऱ्हाड नागपूरच्या राज्याला जोडलेला होता. बुलढाण्याची हवा थंड, म्हणून साहेबलोक तिथे बंगले करून राहत. त्यातला एक साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना आपली मोटार खानसाम्याला देऊन गेला. खानसाम्याला चहाचं दुकान काढायचं होतं, त्याला मोटार काय कामाची? त्याला दूध हवं होतं. माझ्या नवऱ्याला लहानपणापासून मोटार हवी होती. दोघांनीही आपण समोरच्याला फसवलं असं समजून त्या दिवशी एकमेकांना पान खिलवलं.

ती मोटार हिरवी आहे, असं नवरा सांगायचा. आम्हाला दिसला तो कोंबड्यांनी पांढरा केलेला पत्रा. चाकं सायकलीसारखी तारांची, पुढे लांबच लांब नाकाड, त्यावर चामड्याचा पट्टा आवळलेला, आणि एवढ्या लांबलचक गाडीत बसायला जागा दोनच माणसांना. सासूबाईंनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “बाकीचे कुठी बसतेत?” नवरा म्हणाला, “माय, ही स्पोर्ट्स मोटार हाय. दोघांचीच असते.” सासूबाई म्हणाल्या, “मंग तिसऱ्यानं काय पायी जायचं?” पुढचे आठ महिने हाच प्रश्न घरात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी गावातली जाणती मंडळी मोटार पाहायला आली. आमच्याकडे नवा बैल आणला की लोक येतात, भोवरे बघतात, खोडी काढतात आणि शेवटी जबडा उघडून दात मोजतात. मोटारीचंही तसंच झालं. भोवरा सापडला नाही, पण एका म्हाताऱ्या पाटलांनी नाकाडाचा पट्टा सोडून आत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “किती दाती हाय?” माझा नवरा हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं. कारण चार दिवसांनी जिनिंग फॅक्टरीतले मिस्त्री आले, त्यांनी मोटारीच्या पोटातली गियरची पेटी उघडली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “दो दांत गिर गये हैं.” पाटील ओट्यावरूनच म्हणाले, “म्या काय म्हनलं होतं? म्हातारी हाय. म्हशीत फसला बे तू.”

हे मिस्त्री म्हणजे मुसलमान फिटर, वय साठीच्या आसपास, पांढरी दाढी, डोळ्यांना काजळ. माझा नवरा त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून सगळं गाव चाचा म्हणू लागलं. जिनिंगचं काम नसेल तेव्हा ते यायचे, मोटारीखाली घोंगडं अंथरून निजायचे आणि खालूनच बोलायचे. पडलेल्या दोन दातांच्या जागी त्यांनी पितळ भरून, कानस मारून नवे दात बसवले. “सपाटीवर चालेल, उतारावर दौडेल,” ते नवऱ्याला म्हणाले, “मगर चढणीचं नाव घेऊ नको बेटा. पीतल के दांत हैं.” सासूबाईंना या कामाचं फार कौतुक वाटलं. त्यांचे स्वतःचे चार दात पडले होते, आणि चाचांना विचारावं का, असा विचार त्यांनी माझ्याजवळ एकदा बोलूनही दाखवला.

घाटाचं इथे सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. दोघंही एकमेकांना अर्धवट समजतात. माझं सासर बुलढाण्याच्या शिवेला लागून, म्हणजे घाटावर. माहेर मोताळ्याला, म्हणजे राजूर घाट उतरून खाली. लग्नानंतर आषाढात चार दिवस जाऊन आले होते तेवढंच. आईची इतकी आठवण यायची की भाकरी थापताना तिच्या हाताची आठवण येऊन माझी भाकरी फाटायची, आणि घाटाखाली भाकरी शिकवत नाहीत असा सासूबाईंचा समज पक्का व्हायचा.

पण माझी माहेरी जायची वाट या मोटारीनेच अडवली. त्याचं असं झालं. पारावर कोणीतरी सासऱ्यांना विचारलं की ही स्पोर्ट्स म्हणजे काय भानगड? त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, शर्यतीची. सासरे जवानीत शंकरपटाचे शौकीन, बैलांच्या शर्यतीत त्यांची जोडी दरसाल पळायची. ते एकदम ताठ झाले. “मंग पटाची गाडी म्हन ना बे! इतके दिवस काऊन नाई सांगितलं?” आणि त्याच भरात पारावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, “आता माही सून माहेरी जाईन तं या गाडीतच जाईन. दमनीत नाई.” दमणी म्हणजे आमची छपराची बैलगाडी, चांगली दारात उभी होती, बैल खाऊन माजले होते, पण सासऱ्यांचा शब्द गेला होता. ज्या मोटारीला फुंकर मारली तरी पत्र्याचा पोपडा उडायचा, तिच्यात बसून मला आईकडे जायचं होतं. मला त्या रात्री मोटारीचा इतका राग आला की काय सांगू.

पटाची गाडी म्हटल्यावर काम जोरात सुरू झालं. पटाची गाडी जितकी हलकी तितकी पळते, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक. म्हणून सासऱ्यांनी सुताराला बोलावून चाकांवरचे पत्रे काढले, दारं काढली, मागची दिव्याची दांडी काढली. चाचा मोटारीखालून ओरडायचे, “अरे बस करो, इंजन तो छोड़ो!” काढलेला एक पत्रा सासूबाईंनी चुलीपुढे वाऱ्याला आडोसा म्हणून लावला. फार उपयोगी पडला.

आता ढकलण्याचं. मोटार चालू करायचं हँडल खानसाम्याने हरवलं होतं. त्यामुळे इंजिनाची परीक्षा घ्यायची तर मोटार ढकलायची, आणि ढकलताना कोणीतरी आत बसून चाक धरायचं. चाचा म्हणाले, घरात सगळ्यांत हलकं माणूस असेल ते बसवा. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी बुटकी आणि काडीसारखी. झालं, डोक्यावरचा पदर दातात धरून मी साहेबाच्या जागेवर बसले.

यात मोठी पंचाईत होती. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर उंचावर बसायचं नाही, आणि इथे मी गादीवर आणि सासरे पागोटं सावरत मागून ढकलत. त्यावर तोड निघाली की मी मागे वळून पाहायचं नाही, म्हणजे ते मागे आहेत हे मला ठाऊकच नाही असं धरायचं. दुसरी पंचाईत याहून मोठी. सासरे सुनेशी थेट बोलत नसत. नवरा मोठ्यांसमोर बायकोशी बोलत नसे. त्यामुळे वळण आलं की सासरे म्हणायचे, “डावीकडं घ्या म्हना.” हे ते नवऱ्याला सांगत. नवरा ओट्यावरच्या सासूबाईंना सांगे, “माय, डावीकडं.” सासूबाई कानाने जरा कमी, त्या विचारत, “काय?” मग पुन्हा एकदा, आणि मग त्या मला हाक मारून सांगत, “सूनबाई, डावीकडं घे वं.” तोवर मोटार उकिरड्यात गेलेली असे.

तीन वेळा मी उकिरड्यात गेले. चौथ्यांदा सरपणाच्या ढिगात. प्रत्येक वेळी घरात यावर चर्चा झाली की चूक कुठे होते. कोणी म्हणालं चाक फिरत नाही, कोणी म्हणालं अंगणच वाकडं आहे. सासूबाईंना ओट्यावरून उठवून रस्त्याच्या मध्यावर बसवून पाहिलं, म्हणजे निरोप लवकर पोचेल. त्या मोटारीपुढे बसल्या आणि त्यांना वाचवायला मी पुन्हा उकिरड्यात घातली. सासऱ्यांनी माझ्याशी बोलावं, हे मात्र एकालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी कोणाला सांगणार?

दिवाळीला माझा मुराळी आला. मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस. आईने माझ्या धाकट्या काकांना पाठवलं. काका अविवाहित, अंगाने भरदार, बोलायला भारी. आले, चहा प्याले, म्हणाले, “चाल वं पोरी, तुही माय वाट पाहून राह्यली.” मी बोचकं बांधायला घेतलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष मोटारीकडे गेलं. ते म्हणाले, “हे काय हाय?” आणि माझी दिवाळी तिथेच संपली.

काका आले ते चार दिवसांसाठी आणि राहिले संक्रांतीपर्यंत. त्यांचं म्हणणं असं की मोटारीला दोनच जागा ठेवणं हा वऱ्हाडाचा अपमान आहे. चालवणारा जावई, जाणारी लेक, तर न्यायला आलेला मुराळी कुठे बसणार? मुराळ्याशिवाय लेक कशी जाणार? सासूबाईंना इतक्या महिन्यांनी आपल्या प्रश्नाला माणूस मिळाला. त्यांनी काकांना जेवायला दोन पोळ्या जास्त वाढल्या. मग घरात दोन तट पडले. सासरे मोटारीतून वस्तू काढत होते आणि काका घालत होते. काकांनी गावातल्या एका मोडक्या दमणीची बैठक मोटारीच्या पाठीवर बसवून घेतली, पण ती सरळ मावेना, म्हणून उलट तोंडाने बसवली. गादीत त्यांनी घरचा कापूस भरला. सरकी काढायचा कंटाळा केला, तसाच भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सुटले आणि त्यांनी सरकीच्या वासावर ती गादी फाडून खाल्ली. काका बैलांना म्हणाले, “बसाले दिली होती बे, खायले नाई.”

संक्रांतीला ते एकटेच परत गेले. आईने म्हणे त्यांना दारातच विचारलं, “पोरगी कुठी हाय?” तर हे म्हणाले, “सीट चांगली झाली, वहिनी.” होळीला ती पुन्हा धाडेल म्हणून मी वाटेकडे डोळे लावून बसले. तिने पुन्हा काकांनाच धाडलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. वडिलांना दुकान सोडवत नसे. काका येताना बसवायला एक भोंगा घेऊन आले, रबरी फुग्याचा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

पण एक ठरवलं. लग्नानंतरची पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणीने माहेरीच करायची असते. आमच्याकडे त्या सणाला लेकी येतात, झोके बांधतात, आंब्याचा रस होतो. ती चुकली तर चुकली, पुन्हा पहिली अखाजी येत नाही. त्या दिवसापासून मी स्वतः मोटारीच्या मागे लागले. चाचांच्या हातात पाने-पकडी देऊ लागले, पदर खोचून चाकांना एरंडीच्या तेलाचं वंगण घालू लागले. “बेटी,” चाचा एकदा खालून म्हणाले, “साहब लोक रेस के इंजन में भी यही तेल डालते थे.” हे गावात पसरायला वेळ लागला नाही. पाटील म्हणाले, “म्हनजे हिले बद्धकोष्ठ हाय. आधीच सांगाचं होतं.” सासूबाईंनी फडताळातली एरंडेलाची आखी बाटली काढून दिली. चाचांनी ती इंजिनात ओतली, मंडळींनी ढकललं, मी चाक धरलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती मोटार धडधडली. मागून जो काळा धूर निघाला त्यात सासरे, नवरा आणि काका दिसेनासे झाले. “झालं मोकळं!” पाटील ओरडले. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या, म्हणून उकिरड्यात गेले.

अखाजीच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. मोटार धुतली, हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली. खरंच हिरवी निघाली. मी नवी साडी नेसून नवऱ्याच्या शेजारच्या जागेवर बसले, काका मागे उलट तोंडाने. नवरा साहेबासारखा टोपी घालून चाकामागे बसला, मंडळींनी ढकललं, आणि मोटार सरळ उकिरड्यात गेली.

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. आठ महिन्यांत सगळे ढकलायला शिकले होते. चाक धरायला एकटी मीच शिकले होते. नवरा टोपी काढून चाचांकडे पाहू लागला, चाचा दाढी कुरवाळू लागले. ऊन चढत होतं. मला वाटलं आता दावं आणतील, बांधतील मोटार, आणि माझी अखाजी गेली. मग सासरे पुढे आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. “सूनबाई, तूच चालव. सांभाळून जा.” मी इतकी गोंधळले की हो म्हणायच्या ऐवजी त्यांच्या पायाच पडले.

बुलढाण्यापर्यंत छान गेलो. घाटाच्या तोंडाशी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. “आता?” नवरा म्हणाला. पण पुढे सगळा उतारच होता. मोटार आपली आपण निघाली, आणि चाचा म्हणाले होते तशी दौडली. ब्रेकला चाचांनी जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचं चामडं लावलं होतं. त्याने मोटार हळू व्हायची, थांबायची मात्र नाही. नुसता जळका वास यायचा. मी वळणावर वळण घेत होते, नवरा भोंगा दाबत होता आणि डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होता. काकांना पुढचं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे ते एकटेच खुशीत होते.

अर्धा घाट उतरलो असू. समोरून एक दमणी चढत येत होती. ओळखीची वाटली. मग बैल ओळखले, मग गडी ओळखला, आणि मग छपराखालून डोकं बाहेर काढून आमच्याकडे पाहणारी आई.

“माय!” मी किंचाळले.

“काऊन वं!” आई ओरडली. “तू कुठी चालली?”

“तुह्याकडं! अन् तू?”

“तुह्याकडंच! दोनदा मुराळी धाडला, थोच हरपला! थांब ना वं!”

“थांबत नाई माय, थांबतच नाई!”

एवढ्यात मोटार दमणीच्या अगदी शेजारून पुढे गेलीसुद्धा. हात लांब केला असता तर तिच्या पदराला लागला असता. मला मागे पाहता येईना, पुढे वळण होतं. काका मात्र उलट तोंडाने बसलेले, ते आरामात बोलत राहिले. “नमस्कार वहिनी! पोरीले घेऊनच चाललो! सीट पाह्यली का?” आईने त्यावर काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण काका मान वळवून पुढे पाहू लागले.

खाली सपाटी लागली तशी मोटार मोताळ्याच्या अलीकडे हळूच थांबली. शेतातल्या चार लोकांनी दारापर्यंत ढकलत आणली. मी उतरले; नवरा आणि काका मोटारीभोवती जमलेल्या गर्दीत अडकले. आठ महिने मी मनात एकच ठरवलं होतं, की धावत जायचं, आईच्या गळ्यात पडायचं आणि पोटभर रडायचं. दार उघडं होतं, चूल विझलेली, वडील दुकानात. गळ्यात पडायला घरात कोणी नव्हतं. मी ओसरीवर बसले आणि मला आपली स्वतःचीच कीव आली.

मग हळूहळू आई डोळ्यांपुढे आली. लेकीच्या घरी आईने जाऊ नये, लेकीला मूल होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा पिऊ नये, असं आमच्याकडे असतं. तरी ती निघाली होती. आता तिला वळायला जागा मिळेपर्यंत घाट चढावा लागणार, मग पुन्हा उतरावा लागणार, सगळा दिवस उन्हात. मी उठले, चूल पेटवली, पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. एकही फाटली नाही.

दिवेलागणीला दमणी दारात आली. आई उतरली, धुळीने भुरकी झालेली, काखेत पाण्याचा तांब्या आणि भाकरीचं फडकं. माझ्या सासरी पाणी प्यावं लागू नये म्हणून तिने घरचं नेलं होतं. ती घाईने आत यायला लागली. मी म्हटलं, “थांब माय, तिथंच थांब.” मी भाकरीचा तुकडा घेतला, तिच्यावरून ओवाळला आणि दूर टाकला, गावाहून आलेल्या लेकीवरून टाकतात तसा.

ती पाहतच राहिली. “मले काऊन ओवाळतं वं? माहेरी तू आली.”

“अन् गावाहून कोन आलं?”

तिची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, भाऊ नव्हता. तिला न्यायला कधी मुराळी आल्याचं मला आठवत नाही. “माही माय गेली तवापासून,” ती म्हणाली, “मले दारात कोनी थांबवलं नाई बापा.” आणि ती तिथेच उंबऱ्याबाहेर रडायला लागली. मीही रडायचं ठरवून आले होते, पण ती आधी रडली, म्हणून मग मी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला आत नेऊन जेवायला बसवलं.